खालचा सूर

टायरच्या दुकानावर एक लांबट खोली होती आणि तिथे मास्तर उकुलेले शिकवायचे. उकुलेले म्हणजे गिटारचं शेंडेफळ, चार तारांचं, कुशीत मावणारं. मास्तरही अंगापिंडाने लहानखुरे. वाद्य आणि माणूस एकमेकांच्या मापाने शिवून घेतल्यासारखे दिसायचे. खाली हवा भरायचं यंत्र घरघरायला लागलं की वर सगळे थांबायचे. ते बंद पडलं की मास्तर डोळे न उघडताच विचारायचे, "हं, कुठवर आलो होतो आपण?"

शिकायला शाळकरी मुलं यायची, नोकरीतून मोकळे झालेले दोघे-तिघे गृहस्थ यायचे, आणि मागच्या गल्लीत कपडे शिवणारी एक शिंपीण यायची. तिला ते पट्टशिष्या म्हणायचे. ती सगळ्यांत जास्त चुकायची आणि सगळ्यांत आधी येऊन बसायची. मास्तर स्वतःच्या चाली बांधायचे, लहान लहान, चहा उकळेपर्यंत संपणाऱ्या. लिहून मात्र एकही ठेवली नव्हती. "लिहिण्याचं खातं आमच्या चिमीकडे," ते म्हणायचे.

चिमी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. धाकटी असली तरी पन्नाशी उलटलेली. एका छापखान्यात संगणकावर पानं लावायचं काम करायची. प्रश्नपत्रिका, अर्ज, वेळापत्रकं. वहिनी गेल्यावर ती दादाजवळ राहायला आली ती तिथलीच झाली. गाण्याबजावण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

"तुझं टुणटुण झालं की सांग, पान वाढते."

"आणि तुझी कोष्टकं झाली की सांग, चाल लावून देतो."

असं दोघांचं चालायचं.

मग एका सकाळी दाढी करताना मास्तरांच्या हातातला ब्रश गळून पडला. पाठोपाठ तेही. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आले तेव्हा तोंडात मोजके शब्द उरले होते. हो, नाही, चहा, खाली, आणि चिमे. "खाली" म्हणजे काय, हे दरवेळी ताडावं लागे. कधी पांघरूण घसरलेलं असे, कधी त्यांना आडवं व्हायचं असे, तर कधी नुसतंच खिडकीतून रस्त्याकडे बघायचं असे.

शिंपीण भेटायला आली तेव्हा मास्तरांनी पायाने उकुलेलेची पेटी तिच्याकडे सरकवली. ती "नको, नको" म्हणत राहिली. त्यांनी पुन्हा एक ढकल दिली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ती पेटी घेऊन रडत जिना उतरली.

डावा हात मात्र शाबूत होता. तारा छेडायचा हात गेला होता, दाबायचा राहिला होता. बहीण त्यांना उठवून बसवायला गेली की त्यांची बोटं तिच्या मनगटावर हलायची. आधी तिला वाटलं, झटके येताहेत. मग लक्षात आलं की बोटं पुन्हा पुन्हा त्याच जागी पडतात. एक थांबतं, दुसरं येतं, मग दोन एकदम. दादा वाजवत होता.

तिने कपाटातली लाकडी पट्टी काढली, तिच्यावर पेनाने चार लांब रेघा ओढल्या आणि आडव्या रेघांनी घरं पाडली. पट्टी त्यांच्या हातात दिली. मास्तरांनी ती छातीशी धरली, आणि आजारानंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरलं.

छापखान्यातल्या एकाकडून तिने संगीत लिहायचं सॉफ्टवेअर मिळवलं. उघडताच त्याने विचारलं, वाद्य कुठलं? यादीतून तिने उकुलेले निवडलं. पडद्यावर चार रेघा उमटल्या, एकेक रेघ म्हणजे एकेक तार. सगळ्यांत खालची रेघ चौथी तार. रेघेवर आकडा घालायचा, म्हणजे ती तार कितव्या घरात दाबायची ते. शून्य म्हणजे मोकळी तार. ती हसली. हे तर कोष्टकच निघालं.

रोज संध्याकाळी कामावरून आली की ती संगणक पलंगाजवळ ओढायची. दादा पट्टीवर बोट ठेवायचा, ती आकडा घालायची. सूर किती वेळ धरायचा ते तो पलंगाच्या कडेवर टिचकी मारून दाखवायचा, ती तसतसं चिन्ह निवडायची. मोकळी तार तो पट्टीच्या टोकाशी टेकवून सांगायचा. एखादी ओळ जमायला सबंध संध्याकाळ जायची. पहिली चाल पुरी झाली तेव्हा तिने मोठ्या ऐटीत बटण दाबलं. संगणकातून उकुलेले वाजायला लागलं.

दादाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नाही," तो म्हणाला.

"काय नाही? पुन्हा लावू?"

तिने पुन्हा लावलं. तो जोराने मान हलवायला लागला. "नाही. खाली. खाली!"

तिने पान खाली सरकवलं. तो आणखी चिडला. पुढे वाकून त्याने पडद्यावरच्या सगळ्यांत खालच्या रेघेवर बोट आपटलं. तिने त्या रेघेवरचा आकडा न् आकडा तपासला, त्याच्याकडून पट्टीवर पुन्हा दाखवून घेतला. आकडे तेच होते.

"दादा, हे तूच सांगितलंस. मी काय पदरचं घातलंय?"

"खाली, चिमे!"

दुसऱ्या चालीचं हेच झालं, तिसरीचंही. तिने खालच्या रेघेवरचे सूर उचलून दुसऱ्या तारांवर टाकून पाहिले. आपल्या कानाला बरं लागेल असं काहीबाही जुळवलं आणि तेच ठेवलं, आधीचं पुसून. त्यावर तो नुसता बघत बसला. एके दिवशी त्याने पट्टी भिंतीवर भिरकावली. तिचे दोन तुकडे झाले.

बहिणीने डॉक्टरांना सगळं सांगितलं. स्वतःच दाखवतो आणि स्वतःच नाही म्हणतो. डॉक्टर कामाच्या रगाड्यात होते, पण माणूस बरा होता. ते म्हणाले, "या आजारात ओळख पुसट होते, ताई. आपलंच आपल्याला परकं वाटतं. त्यांच्याशी वाद घालू नका." चिडचिड कमी व्हावी म्हणून त्यांनी एक गोळी लिहून दिली.

त्या संध्याकाळी तिने पट्टीचे तुकडे चिकटपट्टीने जोडले आणि दादासमोर बसली. तिच्या मते ती अगदी मायेनेच बोलली.

"दादा, तुला आता आठवत नाही रे नीट. तुझा दोष नाही. आजारच तसा आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. मी लिहिते ते बरोबर आहे. माझ्यावर विश्वास ठेव."

मास्तर तिच्याकडे खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. आणि मान डोलावली.

तेव्हापासून भांडण संपलं. ती चाल लावायची आणि विचारायची, "बरोबर?" ते मान डोलवायचे. पुढे पुढे तर चाल संपायच्या आतच डोलवायचे. पट्टीवर त्यांचं बोट अडखळायला लागलं. एका घरावर ठेवायचे, उचलायचे, शेजारच्या घरावर न्यायचे आणि तिच्या तोंडाकडे बघायचे, शाळेत न येणारं उत्तर देणाऱ्या पोरासारखे. मग एक दिवस त्यांनी पट्टी हातातच घेतली नाही. ती शेजारच्या बाईला म्हणाली, "आता शांत आहे हो, त्रास देत नाही." हिवाळा संपता संपता छातीत कफ भरला आणि मास्तर गेले.

दिवस उलटले. एका दुपारी शिंपीण उकुलेलेची पेटी घेऊन आली. "घरात मास्तरांची वस्तू असावी, ताई. मला ती ठेवून घेववत नाही," ती म्हणाली. बहिणीने तिला चहा दिला आणि सांगितलं की दादाच्या चाली लिहून झाल्यात. छापखान्यात पानं काढून शिष्यांना वाटायचा विचार आहे. ऐकतेस का? तिने पहिली चाल लावली.

शिंपिणीने कप खाली ठेवला. "हे कुणाचं?"

"दादाचं. कुणाचं म्हणजे?"

"चाल त्यांचीच आहे, पण मधेच सूर उडतोय. असं उंदराने चावल्यासारखं काय वाजतंय?" तिने पडद्यावर वाकून बघितलं. ओठ हलवत आकडे वाचले. "आकडे तर बरोबर आहेत." मग तिने पेटीकडे पाहिलं. "ताई, ह्यात चौथी तार कुठली धरलीय?"

"कुठली म्हणजे? उकुलेलेची."

शिंपिणीने पेटी उघडली. "सगळ्यांच्या उकुलेलेला चौथी तार वरच्या सुराची असते, बारीक. मास्तरांना ती चालायची नाही. ते तिथे जाड तार लावायचे, खालच्या सुराची. हे बघा." तिने अंगठ्याने ती तार छेडली. खोलीत एक भारदस्त, दमदार आवाज पसरला.

बहिणीने पडद्यावरच्या वाद्याच्या नावावर टिचकी मारली. एक चौकट उघडली, तिच्यात चारही तारांचे सूर दिलेले होते. चौकट पहिल्या दिवसापासून तिथेच होती. तिने चौथ्या तारेचा सूर एक सप्तक खाली आणला आणि बटण दाबलं. पडद्यावरचा एकही आकडा बदलला नाही. संगणकातून दादा वाजायला लागला.

"हं," शिंपीण म्हणाली, "हे आमचे मास्तर."

बहीण उठून मोरीवर गेली. नळ सोडून उभी राहिली. परत आली तेव्हा पदर ओला होता. "तो खाली, खाली म्हणत होता," ती म्हणाली. "रेघेवर बोट ठेवून म्हणत होता."

शिंपिणीने वाद्य मांडीवर घेतलं. तिने उगाच काही समजूत घातली नाही, हे बरं केलं.

पहिल्या, तिने न बदललेल्या काही चाली अशा बचावल्या. ज्यांतले सूर बहिणीने दुसऱ्या तारांवर हलवले होते त्यांतल्या काही शिंपिणीला शिकवलेल्या होत्या. ती वाजवून दाखवत गेली आणि बहीण आकडे दुरुस्त करत गेली. पण काही चाली मास्तरांनी कुणालाच शिकवल्या नव्हत्या. त्या बहुधा त्या पलंगावरच बांधलेल्या होत्या, उजवा हात नसताना. त्यांत दादाचं किती आणि आपलं किती, ते बहिणीला सांगता येईना. शिंपीण म्हणाली, "मी अंदाजाने बसवू का?" बहीण म्हणाली, "नको. अंदाज खूप झाले." त्या चाली तिने वगळल्या. बाकीची पानं छापून, टाचून शिष्यांना दिली. टायरच्या दुकानावर आता शिंपीणच शिकवते.

एका सुट्टीच्या दिवशी बहीण इस्पितळात गेली. डॉक्टरांना तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं.

"तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, ताई."

"ते नाही म्हणत मी. त्याला आठवत होतं, एवढं तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून आले."

"हो," डॉक्टर म्हणाले. दारात पुढचा पेशंट उभा होता.

बाहेर बाकांवर गर्दी होती. चाकांच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांचा मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "बाबांना आता काही कळत नाही रे. काहीतरी हातवारे करतात." म्हाताऱ्याचा हात खरोखरच हलत होता, हवेत, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

बहीण त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "काय हवंय, बाबा?"

त्यांनी तेच केलं. तिने पाणी पुढे केलं. नाही. चादर सारखी केली. नाही. पंख्याकडे बोट दाखवलं, खिडकीकडे दाखवलं. नाही, नाही. म्हातारा तिच्याकडे डोळे लावून हात हलवत राहिला, आणि ती त्या हाताकडे बघत राहिली. तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला आणि मुलाने खुर्ची आत ढकलली.

ती तशीच बसून होती. येणारी-जाणारी माणसं तिला वळसा घालून जात होती.