पोरांसाठी मारलेला फवारा

किसनतात्यांच्या गोठ्याच्या भिंतीशी फवारणीचा पंप धुऊन उलटा ठेवला होता. तो दिसला तशी मी घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ वाजले होते. साडेदहाला लोणी देवकरच्या एका शाळेची बस येणार होती. तिसरीची त्रेचाळीस मुलं आणि दोन बाई. कार्यक्रम साधा होता. बोराच्या बागेत शिरायचं, आपल्या हाताने बोरं तोडायची, तिथंच उभ्याने खायची. दुपारी इंदापूरचा आठवडे बाजार बघायचा आणि घरी जायचं.

मी कृषी सहाय्यक आहे. गावोगाव फिरून पीक, खत, औषधं आणि सरकारी योजना शेतकऱ्यांना समजावून सांगायच्या, ही माझी नोकरी. लोक मला मॅडम म्हणतात. काम अडलं की ताई म्हणतात. माझ्याकडच्या सात गावांत मुलांना न्यावं अशी बाग कुणाची, असं विचारलं तर मी डोळे मिटून तात्यांचं नाव घेतलं असतं, आणि घेतलंही होतं. नरसिंहपूरच्या वाटेवर त्यांची वीस गुंठे ॲपल बोर आहे. लिंबाहून मोठं, हिरवट, कुरकुरीत फळ. शिवाय त्यांची नात ईश्वरी त्याच वर्गात होती. तिचे वडील लोणी देवकरला कंपनीत आहेत, म्हणून ती तिकडे शिकते.

"तात्या, पंप कधी काढला?" मी विचारलं.

तात्या खुशीत होते. टोपीला इस्त्री होती. "परवा सांच्याला. समदी बाग धुऊन काढली. भुरी गेली, अळी गेली. जावा, बघून या. एक बोर डागी घावायचं न्हाय."

भुरी म्हणजे फळावर येणारी पांढरी बुरशी. अळी फळात शिरून आतून पोखरते. दोन्हींवर औषध आहे, आणि ते मारण्यात गैर काही नाही. गैर असतं ते वेळेत. मी गोठ्याच्या कोपऱ्यातली रिकामी बाटली उचलली, चष्मा लावला आणि लेबलावरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. फवारणीनंतर सात दिवस फळ तोडू नये. आमच्या खात्यात याला प्रतीक्षा काळ म्हणतात. औषधाचा अंश तोवर फळात असतो, म्हणून थांबायचं. इथे दोन दिवसही पुरते झाले नव्हते.

"तात्या, ही बोरं मुलांना देता येणार नाहीत."

"का वं? धुऊन दिऊ की. हौद भरून ठिवलाय."

"धुऊन सगळं जात नाही. काही औषध फळात उतरतं."

तात्यांचा चेहरा बघवेना. ते बाजेवर बसले. "मंजी मी पोरान्ला इख चारनार व्हतो?"

"अजून चारलं नाहीये," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. "पण सात दिवसांचं तुम्हाला माहीत नाही का? मागच्याच बैठकीत सांगितलं होतं मी."

"म्हाईत हाय. पर ही कंपनीतल्या लोकांची पोरं, मॅडम. बोरात अळी निगाली तर भ्यायची. ईश्वरीला म्हनायची, तुज्या आज्याची बोरं किडकी." जरा थांबून ते हळूच म्हणाले, "आन तुमीच म्हनला व्हता की फोनवर, तात्या, बाग छान दिसू द्या."

म्हणाले होते. अगदी याच शब्दांत म्हणाले होते. पाहुणे यायचे असले की आपण घराला रंग काढतो. शेतकरी फवारा मारतो. इतकी वर्षं या कामात काढून मला एवढं कळू नये? माझा चढलेला आवाज तिथल्या तिथे खाली आला.

मी आधी बाईंना फोन केला. बस केव्हाच निघाली होती. मागून गाण्यांचा गोंधळ ऐकू येत होता. "मुलांनी डबेसुद्धा उघडले नाहीत," बाई म्हणाल्या. "पोटात बोरांना जागा ठेवायचीय म्हणतात."

मग साहेबांना केला. साहेब म्हणजे माझे वरिष्ठ, मंडळ कृषी अधिकारी.

"रद्द करू नका," साहेब म्हणाले. "अहवाल वर जायचाय. मुलांच्या हातात बोर आहे, असा फोटो पाहिजे."

"साहेब, हातात दिलं की ते तोंडात जाणार."

"तोंडात जाऊ देऊ नका."

"तिसरीची मुलं आहेत, साहेब."

"तुम्ही बघा काय ते." आमच्या खात्यातला बहुतेक कारभार या एका वाक्यावर चालतो.

काकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, चुलीवर त्रेचाळीस मुलांचा चहा ठेवून आमचं बोलणं ऐकत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "वड्याकडंचं गावरान झाड हाय की."

"ते?" तात्या वैतागले. "बारकी, आंबूस बोरं. किडं हायती तेच्यात. ते तर मी तोडनार हाय. उसात सावली पडतीया."

"आपन तीच खातो न्हवं? बागंतलं कुटं खातो?"

काकू हे अगदी सहज बोलल्या आणि चहात साखर टाकायला वळल्या. घरच्या खाण्याचं झाड वेगळं आणि विकायची बाग वेगळी, हे मी कितीतरी वस्त्यांवर पाहिलेलं होतं. पाहिलं आणि पुढे गेले. आज ते काकूंच्या तोंडून ऐकताना अवघडल्यासारखं झालं.

पण काकूंचा मार्ग बरोबर होता. मी चालत जाऊन झाड बघून आले. मध्ये उसाचा अख्खा फड, पलीकडे ओढा, त्याच्या काठी झाड. परवाचं वारं उलट्या दिशेचं होतं. त्या झाडावर कुणी जन्मात पंप चालवला नव्हता. परत येऊन मी आणि तात्यांनी बैलाचं दावं बागेच्या तोंडाशी आडवं बांधलं.

बस आली. मुलं उतरली ती थेट बागेकडे पळाली आणि दाव्याला येऊन अडली. पलीकडे हात पोचेल एवढ्यावर बोरं लटकत होती. एकही डागी नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं, तर तात्यांनी हाताने मला थांबवलं.

"पोरांनो, माजं चुकलं," ते म्हणाले. "तुमी येनार म्हनून मी झाडावर औषध मारलं. किडं पडू नयेत म्हनून. आता सात दिस हे बोर खायचं न्हाय. तोडायचंबी न्हाय."

ईश्वरी मान खाली घालून चपलेने माती उकरत होती. सकाळपासून तिने बसभर आजोबांच्या बोरांचं कौतुक सांगितलं होतं, हे बाईंनी मला नंतर सांगितलं. तेव्हा तिच्याकडे बघूनच ते कळत होतं. मला फार वाईट वाटलं.

दोन वेण्यांची एक मुलगी दाव्याला धरून उभी होती. तिने विचारलं, "आजोबा, मग ही बोरं कोण खाणार?"

"ही? ही बाजारात जात्यात."

"कधी?"

"उद्या गाडी येनार हाय."

ती बोटं मोजायला लागली. मोजून झाल्यावर म्हणाली, "पण मग सात नाही होत."

तिच्या आवाजात काहीही नव्हतं. गणित जुळत नाही, एवढीच तिची अडचण होती. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. सात दिवस सात दिवस म्हणून सकाळपासून मी त्यांच्या मागे लागले होते, पण उद्याच्या गाडीचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. माझं सगळं लक्ष बसमधल्या त्रेचाळीस मुलांवर होतं.

तात्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथंच, सगळ्यांसमोर व्यापाऱ्याला लावला. "आबा, उद्या गाडी धाडू नगा... न्हाय, माल हाय. पर औषध मारलंय. शनवारी या... जादा पिकलं तर पिकू द्या. मी सांगतो तेच धरा." फोन ठेवून त्यांनी मुलीला विचारलं, "शनवारी हुत्यात का सात?"

तिने पुन्हा मोजलं. "होतात."

मग आम्ही सगळे उसाच्या कडेने ओढ्यावर गेलो. काकूंनी झाडाखाली दोन जुनी लुगडी अंथरली. तात्या काठी घेऊन बुंध्याशी गेले, एक जाड फांदी धरली आणि गदागदा हलवली. पिवळी, तांबडी, सुपारीएवढी बोरं मुलांच्या डोक्यावर, पाठीवर, शर्टात पडायला लागली. संक्रांत होऊन आठवडाच झाला होता. काकू पदर तोंडाला लावून हसत म्हणाल्या, "झालं बगा, समद्यांचं एकदम बोरन्हाण."

काटे टोचले, कुणाचा शर्ट फाटला, पण तक्रार एकही आली नाही. पाचेक मिनिटांनी मला ज्याची धास्ती होती ते झालंच. एका मुलाने अर्धं बोर खाल्लं आणि उरलेल्या अर्ध्यात त्याला अळी दिसली. तात्यांच्या हातातली काठी तशीच राहिली.

"मॅडम, ही जिवंत आहे," मुलगा म्हणाला.

सगळी मुलं धावली. अळी बघायला रांग लागली. कुणीतरी तिला पानावर घेतलं, कुणी तिला दुसरं बोर दिलं. मी माझं काम केलं. माशी फळावर अंडी कशी घालते आणि आत अळी कशी वाढते, ते सांगितलं. काकूंनी त्यात भर घातली, "अळीला गोड बोर बरुबर कळतं." मागून कुणीतरी विचारलं, ही कुणाची अळी आहे? तेव्हा ईश्वरी गर्दीतून वाट काढत पुढे आली. "माझ्या आजोबांची," ती म्हणाली, आणि तिने पान आपल्या हातात घेतलं.

तात्यांनी तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले. मीही जरा उसाकडे बघत उभी राहिले.

बस निघायच्या आधी मी त्यांना म्हणाले, "तात्या, चूक माझी होती. छान दिसू द्या, असं मी म्हणायला नको होतं."

तात्यांनी विचार केला. "निम्मी तुमची," ते म्हणाले. "निम्मी माजी ऱ्हाऊ द्या."

गोष्ट इथे संपली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. पण पुढे बाजार होता. मुलांना आता एक प्रश्न सापडला होता आणि तो त्यांनी बाजारात एकालाही सोडला नाही. "काका, औषध कधी मारलं?" टोमॅटोवाला म्हणाला, "मी इकत आनून इकतो, मला काय म्हाईत?" वांगीवाल्याने मुलांना पुढे हाकललं. दोडक्याच्या ढिगामागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र डोळे बारीक करून आठवलं आणि सांगितलं, "आट दिस झालं, बाळा. शनवारी मारलं व्हतं." मुलांनी लेबल विचारलं नाही, पण घरी न्यायला सगळा दोडका त्यांच्याकडूनच घेतला. तिसरीतली मुलं हट्टाने दोडका घेताना मी पहिल्यांदाच पाहिली.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "बाजारातून तक्रार आलीय. तुम्ही मुलं भेटीला आणली होती की तपासणीला?"

"भेटीलाच, साहेब."

"आणि फोटोत हातावर अळी का आहे?"

"बोर खाऊन झालं होतं, साहेब."

अहवाल तसाच वर गेला. वरून काही आलं नाही.

त्यातून मी एक शिकले. शेतकऱ्याला पाहुण्यांची तारीख सांगायची असेल, तर त्याआधी शेवटच्या फवारणीची तारीख विचारून घ्यायची. आणि 'छान' हा शब्द बागेच्या बाबतीत वापरायचा नाही.

ओढ्याकाठचं झाड अजून उभं आहे. उसात सावली पडते, तात्या कुरकुरतात, पण कुऱ्हाड काही काढत नाहीत. गोठ्याच्या भिंतीवर ईश्वरीने खडूने रकाने आखून दिलेत. औषध मारलं की तात्या तिथे तारीख लिहितात. यंदा मी त्यांना फोन केला तेव्हा शब्द जपून वापरले. "तात्या, मुलं येणार आहेत. बाग आहे तशी राहू द्या."

"तशीच हाय," तात्या म्हणाले. "ईश्वरीनं बजावलंय, चार अळ्या तरी शिल्लक ठिवा."