प्रेमानंद धुरी आणि लाव्यांचं मशीन

प्रेमानंद धुरी कुडाळजवळच्या गावातून मस्कतला आला तेव्हा तंबू त्याने फक्त सर्कशीचा पाहिला होता. पुढे गाला भागातल्या कॅम्पिंगच्या दुकानात तो इतका मुरला, की गिऱ्हाईक दारातूनच त्याच्या नावाने हाक मारत यायचं. वाळूत कुठला खुंटा धरतो, वाऱ्यात कुठली शेगडी पेटती राहते, हे तो मोडक्यातोडक्या अरबीत पण जीव तोडून सांगायचा. खोटं सांगून माल खपवायचा नाही, हा त्याचा हट्ट. त्यापायी दुकानात खटकेही उडायचे.

दुकानाचा अर्बाब, म्हणजे मालक, ओमानी, पण तो क्वचितच फिरकायचा. सगळा कारभार कौशिक सरपोतदार या मॅनेजरच्या हातात. कौशिक पुण्याचा. अल् घुब्राला फ्लॅट, बोलणं गोड, आणि मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात पुढची खुर्ची त्याची.

एका सप्टेंबरात नेहमीच्या मालाबरोबर काही वेगळी खोकी आली. आत हिरवट रंगाचं मशीन, वर भोंगा, सोबत रिमोट. कौशिकने बटण दाबलं आणि भर दुकानात लावा पक्षी ओरडू लागला.

"हे कशाला, सर?" प्रेमानंदने विचारलं.

"या दिवसांत उत्तरेकडून लावे येतात. शेतात हे लावून ठेवायचं. आपलंच कोणी बोलावतंय असं वाटून थवेच्या थवे उतरतात."

"आणि मग?"

"मग जाळं. तू काय लहान आहेस?"

"इथे पक्षी पकडायला बंदी आहे सर. जेल होते."

"पकडायला आहे ना? आपण स्पीकर विकतोय. स्पीकर विकू नका असं कुठे लिहिलंय?"

प्रेमानंदला ते पटलं नाही. कौशिकने मशीनं फळीवर न ठेवता मागच्या खोलीत ठेवली, यावरूनच त्याने काय ते ओळखलं.

काही दिवसांनी बरका गावाजवळच्या एका शेतावरून फोन आला, मशीन बंद पडलंय. ते शेत कौशिकच्याच एका मित्राने भाड्याने घेतलं होतं. तो आणि मस्कतमध्ये मोठ्या नोकरीवर असलेली मराठी मंडळातली त्याची दोस्तमंडळी शुक्रवारी तिथे लाव्यांच्या जेवणावळी करायची. कौशिकने प्रेमानंदला सकाळीच पिकअप देऊन पाठवलं.

लसूणघासाच्या हिरव्या तुकड्याभोवती बारीक दोऱ्याची जाळी उभी होती. लांबून दिसतही नव्हती. जवळ गेल्यावर दिसले ते तिच्यात लटकलेले पक्षी. लावे होतेच. पण हुदहुदही होता, तुरा दोऱ्यात गुंतून मान वाकडी झालेला. एक वेडा राघू उलटा लटकून पंख आपटत होता, आणि जितका आपटत होता तितका दोरा आत रुतत होता. शेतावरचा बांगलादेशी मजूर अलीमियाँ टोपली घेऊन एकेक लावा सोडवत होता. बाकीचे तसेच.

"इनको क्यों नहीं छोड़ता?" प्रेमानंद ओरडला.

"साहब को सिर्फ बटेर चाहिए, भाई. बाकी मर जाता है. मैं क्या करूँ, ऑर्डर है," अलीमियाँ खाली बघत म्हणाला.

प्रेमानंदने खिशातली कात्री काढली आणि जाळं कापायला सुरुवात केली. राघू सुटला, पण उडला नाही. प्रेमानंदच्या तळहातावरच त्याने मान टाकली. मशीनकडे न बघताच प्रेमानंद परत फिरला.

दुकानात शिरल्या शिरल्या तो म्हणाला, "मी हे मशीन विकणार नाही."

"दुरुस्त केलंस का?" कौशिकने विचारलं.

"जाळं कापून आलो."

कौशिकचा गोडवा तिथेच संपला. "कोणाच्या परवानगीने? माझ्या मित्राचं शेत आहे ते! तुझं काम विकायचं आहे. नसेल जमत तर सांग, व्हिसा कॅन्सल करून घरी पाठवतो."

प्रेमानंद नुसता नकार देऊन थांबला नाही. मशीन मागायला कोणी आलं की तो काउंटरवरूनच मोठ्याने सांगायचा, "हे शिकारीला वापरलंत तर तुरुंगात जाल. मी विकत नाही." गिऱ्हाईक चपापायचं आणि निघून जायचं. आतल्या खोलीत कौशिक दात ओठ खायचा. रात्री गावाकडे फोनवर बायको ललिता म्हणाली, "तुमका कित्याक होयो हो उपद्व्याप? नोकरी गेली तर काय करतलात?"

"माका बघवाक नाय गो," एवढंच तो म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी कचेऱ्या बंद असतात, म्हणून शेवटी तो मुद्दाम रजा टाकून पर्यावरण खात्याच्या कचेरीत गेला. तिथे जमिला नावाच्या अधिकारी बाईंनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना कामापुरती हिंदी येत होती.

"शेतावर आम्ही जाऊ," त्या म्हणाल्या. "जाळं लावणं गुन्हा आहे. पण दुकानातलं मशीन... ते शिकारीसाठीच विकलं, हे दाखवावं लागेल. सोपं नाही."

"मॅडम, लाव्याचा आवाज माणूस झोप यावी म्हणून ऐकतो का?"

त्या किंचित हसल्या आणि शेताचा पत्ता लिहून घेऊ लागल्या.

धाड पडली. जाळी जप्त झाली, मशीन जप्त झालं, आणि अटक कोणाला? अलीमियाँला. त्या वेळी शेतावर तोच होता, टोपली त्याच्याच हातात होती. शेत भाड्याने घेणाऱ्या साहेबांनी हात वर केले: मजूर परस्पर काय करतो, आम्हाला काय माहीत! आणि अधिकारी गालाच्या दुकानात पोचेपर्यंत मागची खोली झाडून स्वच्छ. कौशिकने त्यांना चहा पाजला.

प्रेमानंदच्या डोक्यात तिडीक उठली. ज्याने बेत केला तो सुटला, ज्याने बोलावणारं यंत्र विकलं तो सुटला, ज्यांनी खाल्लं ते ढेकर देऊन मोकळे. आणि कायद्याच्या हाती लागला तो टोपली धरणारा. आपण तक्रार केली म्हणून तो गरीब आत गेला, हे तर त्याला अन्न गोड लागू देईना.

त्याच आठवड्यात मंडळाचा कार्यक्रम होता. पक्ष्यांसाठी पाण्याची मातीची भांडी मुलांना वाटायची होती, आणि प्रायोजक होता कौशिक सरपोतदार. तो माइकवर म्हणाला, "या मुक्या जिवांना आपण आपल्या गॅलरीत आसरा देऊ या." टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेतून प्रेमानंद उठला. "सर, लाव्यांना बोलवायचं मशीन पण वाटणार का भांड्याबरोबर?"

सगळ्या माना मागे वळल्या. कोणीतरी म्हणालं, "अहो, हा कार्यक्रम मुलांचा आहे."

"मुलांचा आहे म्हणूनच बोलतोय. हे साहेब लाव्याच्या आवाजाचं मशीन विकतात. इथे बसलेल्यांपैकी काहींनी ते लावे खाल्लेत. आणि त्यापायी एक मजूर आत बसलाय. त्याला सोडवायला तुमच्यातलं कोण येतंय?"

एका छोट्या मुलीने आईला इंग्रजीत विचारलं, खरंच का? आईने तिला दटावून खाली बसवलं. दोघांनी प्रेमानंदला दंडाला धरून बाहेर नेलं. दारात मंडळाच्या कार्यकर्त्या मैथिलीताई त्याला हळूच म्हणाल्या, "खरं असेल भाऊ, पण ही बोलायची जागा नव्हती." "मग कुठली जागा ताई? सांगा, तिथे येतो," तो म्हणाला. त्यांनी आत जाऊन दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं. पण साक्षीदार म्हणून त्याला देशात थांबता आलं, आणि अलीमियाँच्या सुनावणीला तो हजर राहिला. मशीन कोणी घेतलं, कोणी विकलं, दुरुस्तीला आपल्याला कोणी पाठवलं आणि शेतावर काय पाहिलं, हे त्याने दुभाष्यामार्फत नावानिशी सांगितलं. त्याच्या जबानीवरून शेत भाड्याने घेतलेल्या साहेबांवर खटला उभा राहिला आणि त्यांना शिक्षाही झाली. अलीमियाँ सुटला, बाहेर येऊन तो प्रेमानंदच्या गळ्यात पडून रडला. दुकानावर मात्र काहीही सिद्ध झालं नाही. विकलेल्या वस्तूचं गिऱ्हाईक काय करतं याला दुकानदार जबाबदार नाही, हेच कौशिकच्या वकिलाने ठासून सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर जमिलाबाई भेटल्या. "तुम्ही चांगलं काम केलंत," त्या म्हणाल्या.

"अर्धंच झालं मॅडम," प्रेमानंद तावातावाने म्हणाला. "पुढच्या हंगामात कौशिक दुसऱ्या शेताला मशीन विकेल. तेव्हा परत पकडणार कोणाला? टोपलीवाल्यालाच ना?"

"तुमची जबानी मी वर पाठवली आहे. विक्रीवरही नियम हवा, असं लिहिलं आहे. इन्शाल्ला."

"तुमचं इन्शाल्ला होईपर्यंत लाव्यांनी काय करायचं?" तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

आता तो अल मवालेहच्या फळबाजारात एका व्यापाऱ्याकडे आहे. नवा व्हिसा मिळाला, पगार आधीपेक्षा कमी. मंडळातले ओळखीचे लोक आंबे घ्यायला येतात आणि त्याला बघून शेजारच्या गाळ्याकडे वळतात. गालाचं दुकान चालू आहे, आणि लाव्याचं मशीन आता तिथून फोनवरून मागवता येतं म्हणे. हे कळलं त्याच दिवशी प्रेमानंद पेट्या तशाच टाकून पुन्हा कचेरीत गेला. जमिलाबाई बैठकीत होत्या. शिपाई म्हणाला, उद्या या.

"बसतो," प्रेमानंद म्हणाला, आणि बाकावर बसून राहिला.