मावशींचे किडे

पेठकडच्या कॉफीच्या मळ्यावर राखण करणाऱ्या मावशी मी गेले की आधी गूळ-पाणी देतात आणि निघताना पिशवीत काहीतरी कोंबतातच, लिंबं नाहीतर नागली. मातीतले किडे मोजायला मी तिथे झाडांखाली पेले पुरून ठेवते. चालता किडा आत पडतो.

यंदा पावसाने दडी मारली, माती भेगाळली, तरी पेले भरलेले. दुष्काळातही किडे टिकलेत, असं मी अहवालात लिहायलाही घेतलं. परवा लवकर पोहोचले, तर मावशी उकिरड्यातले भुंगे ओंजळीने पेल्यांत सोडत होत्या.

"मावशी, हे काय?"

"पेला रिकामा दिसला का तुमचं तोंड उतरतं, ताई. पाव्हण्याला रिकामं कसं धाडू?"

आता मातीतले किडे कोणते आणि मावशींचे कोणते, काहीच कळेना. रागवायला तोंड उघडलं, पण हाताने सवयीने पिशवी पुढे केली होती.