न घेतलेलं पत्र

आमच्या आजोबांचा एक नियम होता, नोटीस घ्यायची नाही. भावकीत बांधावरून दावा चालू होता, वडगावच्या कोर्टात तारखा पडायच्या. कोर्टाचा माणूस कागद घेऊन आला की आजोबा ओट्यावर बसल्या बसल्या दोन्ही हात पाठीमागे न्यायचे. "हात लावला की लागू झाली. न्हाई लावला तर न्हाई." आमच्याकडे तेव्हा पुष्कळ जण असंच करायचे. वकील बिचारे सांगून थकले, अहो, नाकारलं तरी पोचलं असंच धरतात. पण वकिलाचं कोण ऐकतंय.

हे आधी सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

माझे वडील पासष्टच्या लढाईत गेले. हे मी आता म्हणते. गेल्या वर्षापर्यंत ते आमच्या घरात बेपत्ता होते. मी सात वर्षांची असताना तशी तार आली होती, मास्तरांनी वाचून दाखवली. बेपत्ता म्हणजे सापडायचा राहिलेला माणूस, असा अर्थ आजोबांनी लावला, आणि घरात तोच राहिला. आईने कुंकू पुसलं नाही. ती आता ऐंशीच्या बरीच पुढे आहे, गावातच राहते, आणि कपाळावर अजून रुपयाएवढं कुंकू लावते. पितृपंधरवड्यात आजोबांसाठी पान वाढते, वडिलांसाठी नाही. मी लग्न होऊन लोणावळ्याला आले, मला नातवंडं झाली, दर रविवारी कार्ल्याच्या फाट्यावर उतरून तिच्याकडे जाते. पाऊसपाणी, भात, कुणाचं लग्न, सगळं बोलतो. हे मात्र कधी बोललो नाही.

मग गावात ठरलं, शाळेसमोर दगड उभा करायचा आणि लढाईत गेलेल्या गावच्या माणसांची नावं त्यावर कोरायची. सरपंच म्हणजे आमच्याच आळीतली पोरगी, माझ्या मांडीवर खेळलेली. तिचा फोन आला. "मावशी, बाकी चौघांचे कागद आलेत. तुमच्या वडिलांचं काय करू? दगडावर बेपत्ता कसं कोरायचं?"

खरं होतं तिचं. कागद हवा होता.

मी चौथी शिकलेली. पुढचं वाचन वाण्याच्या पुडीच्या कागदांवर झालं. पण आईच्या पेटीत वडिलांचं एक पत्र होतं, त्यावर त्यांचा फौजेतला नंबर होता. तो चिठ्ठीवर उतरवून घेतला आणि पुण्याला माजी सैनिकांची कामं बघणाऱ्या कचेरीत गेले. तिथले साहेब स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे. मला म्हणाले, "आजी, इतकी वर्षं कुठं होता?" मी म्हटलं, "आम्ही घरीच होतो साहेब, तुम्हीच नाही आलात." ते हसले. अर्ज त्यांनीच लिहून दिला. मी आणखी दोनदा जाऊन आले. चार महिने गेले, आणि मग त्यांचा फोन आला, या म्हणून.

फाइल पातळ होती. साहेबांनी एकेक कागद माझ्याकडे वळवून ठेवला. बेपत्ताची तार. नंतर त्यांच्या तुकडीच्या लोकांना वडील सापडले, तिथेच अग्नी दिला, त्याचा कागद. त्यावर तारीख होती. मी बोटांवर मोजलं. बेपत्ताची तार आमच्या दारात आली, त्याच्या आठ दिवस आधीच ते गेले होते. मग घरी धाडलेलं रजिस्टर पत्र. आणि त्या पत्राचं पाकीट, परत आलेलं. मागच्या बाजूला निळ्या पेन्सिलीने पोस्टमनने मराठीत लिहिलेलं, घेण्यास नकार.

"दोनदा पाठवलंय," साहेब म्हणाले. "दोन्हीदा हेच."

ते पाकीट मला आठवलं. आजोबा ओट्यावर, हात पाठीमागे, समोर पोस्टमन. मी उंबऱ्यात उभी होते. मला वाटलं होतं, बांधाची नोटीस आली.

साहेबांनी चहा मागवला. मी तो प्यायले. साखर जास्त होती, एवढंच कळलं. वाटलं होतं, रडू येईल, म्हणून जाताना दोन रुमाल नेले होते. ते तसेच घडीचे घडीत परत आले. लोकलमध्ये खिडकीशी बसले. बेगडेवाडीला गाडी थांबली तेव्हा पाटीवरचं नाव मी तीनदा वाचलं, जसं काही मला तिथेच उतरायचं होतं. मग तळेगाव, मग पुढची स्टेशनं. घरी आले, कुकर लावला. सुनेने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "मिळालं." ती वाट बघत उभी राहिली, मी शिट्ट्या मोजू लागले.

एक गोष्ट बाकी होती. पत्नी हयात असेल तर कागद तिच्या हातात द्यायचा आणि मिळाल्याचा अंगठा तिचाच घ्यायचा. त्याशिवाय दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय दगडावर नाव नाही. मी साहेबांना म्हटलं, "तिला काही माहीत नाही हो." ते म्हणाले, "मग तुम्हीच सांगा. माझ्यापेक्षा बरं सांगाल."

रविवारी गेले. आई अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी बसून खडे काढू लागले. अर्धं सूप झाल्यावर पिशवीतून कागद काढला.

"आई, पुण्याहून कागद आलाय."

तिने मान वर केली नाही. "त्योच का?"

"कोणता?"

"दोनदा आल्ता त्यो."

माझ्या हातातला खडा सुपातच पडला.

"तुला माहीत होतं?"

"पोष्टमन पयल्यांदा आला तवा तू साळंत व्हतीस, मी चुलीपाशी व्हते. फौजेचा कागूद हाय म्हनला. तार एकदा येऊन गेल्ती, आता आनी कशाचा कागूद येतोय? समजंना व्हय मला? मीच आतनं वरडले, मामंजी, हात लावू नका." तिने एक खडा उचलून लांब टाकला. "त्यो पोष्टमन लय चावट. म्हनला, वैनी, उद्या रेडूच्या बातम्यांत सांगितलं तर रेडू बी परत धाडशीला का?"

"मग आजोबा?"

"त्यास्नी सोपंच पडलं. सवय व्हती."

आईला वाट बघायला लावली म्हणून मी साठ वर्षं आजोबांवर राग धरून होते. पुण्याहून आल्यावर तर जास्तच. तो राग आता कुठे ठेवायचा, ते कळेना. तो तिच्यावर धरावा म्हटलं, तर तेही होईना. मी सुपात पडलेला खडा शोधू लागले.

आईने विचारलं, "अंगठा न्हाई दिला तर?"

"तर दगडावर नाव नाही लागणार."

"अन् दिला तर?"

 तिच्या कपाळाकडे बघायचं मी टाळलं. तिने सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले.

"बाकीच्या चौघांची लागनार?"

"हो."

"त्या चौघांत एकबी आपल्या आळीचा न्हाई," ती म्हणाली. "आन ती शाई."

अंगठा जरा फिरला, पण उमटला. मग तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "भाजीला काय करायचं?" म्हणून विचारलं.

दगडाच्या कार्यक्रमाला शाळेसमोर मांडव घातला होता. पाचांपैकी एकट्या आमच्या वडिलांचीच बायको जिवंत होती, म्हणजे पत्नी म्हणून सत्कार आईचा एकटीचाच. शाल झाली, नारळ झाला. मग सरपंच पोरगी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन बायकांच्या ओळीतून आली. तिने मला लावलं, शेजारणीला लावलं, आईपुढे आली आणि तिचं बोट कुंकवातच थांबलं. मागच्या दिवाळीला याच बोटाने तिने आईला कुंकू लावलं होतं. आता मागे दगड होता, दगडावर वडिलांचं नाव. पोरीने माझ्याकडे बघितलं. काय करू, असं बघितलं.  मी दगडाला घातलेल्या झेंडूच्या माळेकडे बघत राहिले.

"थांबलीस का गं?" आई म्हणाली. "हात भरून आला व्हय? लाव की."

पोरीने लावलं. जुन्या कुंकवावर नवं बसलं. मग माइकवाल्याने राष्ट्रगीत लावलं आणि सगळे उभे राहिले. आईही उभी राहिली, माझ्या खांद्याला धरून.

घरी येताना तिने विचारलं, "त्येंचं नाव कितवं हाय?" तिला वाचता येत नाही.

"शेवटचं. पाचवं."

"खाली का घेतलं?"

"आपला कागद उशिरा गेला ना, म्हणून."

ती जरा चालली. मग म्हणाली, "व्हय. रजेवर बी असंच यायचं. समद्यांची मानसं घरी पोचली की मग त्ये फाट्यावर दिसायचं."

घरी आल्यावर तिने शाल घडी करून पेटीत ठेवली, वडिलांच्या पत्रावर. पितृपंधरवडा कधी आहे ते मला कॅलेंडरात बघायला सांगितलं. मी बघून सांगितलं.

"दोन पानं वाढायची आता," ती म्हणाली, आणि आरशापुढे जाऊन कपाळावरचं सांडलेलं कुंकू बोटाने नीट गोल केलं.