शीड नंबर सत्तावीस

बाबुराव तांबे पोहायला शिकला नाही तो नाहीच. जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला, समुद्र दहा मिनिटांवर, पण पाणी घोट्याच्या वर आलं की हा मागे सरकणार. आणि हाच माणूस गेल्या मोसमात दर रविवारी सकाळी गिरगाव चौपाटीवर, गळ्यात हातभर लांब लेन्स अडकवून, समुद्राकडे तोंड करून उभा असायचा. त्याची मुलगी संघमित्रा तिथल्या एका क्लबात विंडसर्फिंग करायची. फळीवर शीड उभारायचं, ते दोन्ही हातांनी धरायचं आणि उभ्या उभ्या वाऱ्याबरोबर पाण्यावरून पळायचं, असा तो खेळ. हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "समुद्र काय त्यांच्या बापाचा आहे?" म्हणून त्यानं मला गप्प केलं.

माझा करी रोडला फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि गेलेल्या माणसांचे जुने फोटो साफसूफ करून मोठे करणं, यावर दुकान चालतं. बाबुराव परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. हाडातली केसाएवढी चीर याला डॉक्टरांच्या आधी दिसते म्हणतात. आमची तीस वर्षांची दोस्ती, त्यामुळे दर सोमवारी कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन तो माझ्याच डोक्यावर येऊन बसायचा. "ही लाट बघ. मागे मलबार हिल बघ. आणि पोरगी कशी वाकलीय बघ!"

संघमित्राला क्लबात घेतलं ते कुठल्याशा कंपनीच्या योजनेतून. चाळीतल्या मुलांना समुद्राची ओळख करून द्यायची म्हणे. वरळीच्या पोरांना समुद्राची ओळख करून द्यायला गिरगावात न्यायचं, यातच मला काय ते कळायला हवं होतं. पण पोरगी खरंच चांगली निघाली. पहिल्याच वर्षी राज्यात तिसरी आली. तिच्या शिडावर सत्तावीस नंबर होता. क्लबाच्या कुंपणाच्या आत पालकांना प्रवेश नव्हता, म्हणून बाबुराव पुढे वाळूत, पाण्याच्या कडेला उभा राहायचा. लांबून सगळे सारखेच दिसतात. हेल्मेट, गॉगल, नारिंगी जाकीट. सत्तावीस दिसला की हा बटण दाबायचा.

फेब्रुवारीत त्यानं एक फोटो आणला. फोटो झकास होता, खोटं कशाला बोलू? शीड जवळजवळ पाण्याला टेकलंय, फेस उडालाय आणि पोरगी हसतेय.

"मोठा कर, फ्रेमही कर," तो म्हणाला. "बक्षीस समारंभाला हर्षवर्धन सरांना देणार. यंदा नॅशनलला एकाच मुलीचं नाव जाणार आहे. संघूचंच जाईल."

हर्षवर्धन सर म्हणजे तिचे कोच.

लाटेवर एक प्लास्टिकची पिशवी तरंगत होती, ती पुसायला मी फोटो झूम केला. हसणाऱ्या पोरीच्या दातांवर तारा होत्या. संघमित्राच्या दातांना तारा नाहीत.

संध्याकाळी प्रिंट न्यायला तीच आली. मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. "संघू, ही कोण?"

तिनं आधी दुकानाच्या दाराकडे बघितलं. "पूर्वी. तिचे पप्पा क्लबाला मदत करतात. दिवाळीपासून माझं शीड तिच्याकडे आहे."

"आणि तू?"

"शिडं धुते. सर म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. पप्पांना सांगू नका ना काका, दर रविवारी किती खूश असतात ते. तेवढ्या तारा काढा फक्त."

मी काढल्या. चार मिनिटांचं काम. वरून चेहराही जरा पुसट केला. आयुष्यात मी बरीच फालतू कामं केली, पण लाज वाटते ती या एकाची. तेव्हाच बाबुरावला फोन करायला हवा होता. मी चहा मागवला.

समारंभाच्या दिवशी क्लबाचं कुंपण सगळ्यांना उघडं होतं. बाबुराव कडक इस्त्रीचा सदरा घालून, फ्रेम काखेत मारून गेला. हर्षवर्धन सरांनी कागद सोडवला आणि म्हणाले, "अरे वा, आपली पूर्वी! तिच्या वडिलांना द्यायलाच हवा हा." आणि फ्रेम घेऊन ते थेट पहिल्या रांगेत गेले. नॅशनलला नावही पूर्वीचंच पुकारलं. टाळ्या वाजत असताना संघमित्रा कडेच्या टेबलाशी पाण्याच्या बाटल्या मांडत होती.

तिथूनच तो तिला घेऊन सरळ माझ्या दुकानात आला. मला वाटलं, आरडाओरडा करेल. केला असता तर बरं झालं असतं.

"चेहऱ्यावर हात फिरवलायस तू," तो मला म्हणाला. "मला तेव्हाच दिसलं होतं. म्हटलं, उजेड तसा असेल. तू कशाला असं करशील?"

मग तो संघमित्राकडे वळला. "दिवाळीपासून दर रविवारी मी तिथे होतो. तू कुठे होतीस?"

"तुमच्या मागेच, पप्पा. कुंपणाच्या आत, शेडमध्ये. तुम्हीच दिसायचात समोर," ती म्हणाली. "कित्येकदा वाटलं, तुम्ही वळावं. एकदाही वळला नाहीत."

बाबुराव खाली बसला. मी कॉम्प्युटरकडे तोंड करून उगाच माऊस हलवत राहिलो.