शुक्रवारचा तास आणि झेंड्याची गाठ

ज्या शाळेत ‘चांगलं कसं वागावं’ याचा वेगळा तास असतो, त्या शाळेत किस्से फार साचतात. गणिताच्या तासाला काही घडत नाही हो. सात पाचे पस्तीस, विषय संपला! पण ‘आदर’, ‘शिस्त’ असले शब्द फळ्यावर लिहायचा अवकाश, की काहीतरी झालंच म्हणून समजा.

मी तंजावूरच्या एका प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवतो. घरी मराठी, शाळेत तमिळ, आणि वरून साहेब आले की इंग्रजी. आडनाव राव, पण इथे आम्हा मराठी माणसांना सगळे ‘रायर’ म्हणतात, म्हणून मी ‘रायर सार’, म्हणजे राव सर.

आमच्या हेडमिस्ट्रेस मॅडमनी शुक्रवारचा शेवटचा तास संस्कारांना दिला आणि प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर एक नियम रंगवून घेतला: ‘मोठ्यांशी बोलताना प्लीज, सॉरी आणि थँक्यू.’

“तिन्ही आलेच पाहिजेत,” मॅडम म्हणाल्या.

“पण सॉरी कशाबद्दल, मॅडम?”

“कशाबद्दल तरी असतंच, रायर सार!”

*

नियमाचं पहिलं फळ सोमवारीच मिळालं. माझ्या वर्गातला मुत्तू शेजारच्या पोराला “सॉरी” म्हणाला आणि मग त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

“अरे, सॉरी मारल्यावर म्हणायचं ना?”

“नंतर हा ऐकायला थांबतच नाही, सार!”

मी हजेरी घ्यायला लागलो.

*

मग रांगेचा धडा आला. नुसता पुस्तकातून काय शिकवायचा, म्हणून मुलांना घेऊन बस स्टँडवर गेलो. टाउन बसनं मोठ्या देवळापर्यंत जायचं, असा बेत होता. मुलं एकामागे एक उभी राहिली. काय सुंदर रांग! बस आली, माणसं दोन्ही दारांतून आत घुसली, बस गेली. आम्ही होतो तिथेच.

“सार, आपली रांग जरासुद्धा मोडली नाही!” पुढचा मुलगा आनंदानं ओरडला.

दुसरी बसही तशीच गेली. तिसरीच्या कंडक्टरनं दारातून वाकून मला हाक मारली, “सार, पोरांना शाळेत जरा चढायलाही शिकवा की हो!”

शेवटी आम्ही देवळापर्यंत चालत गेलो. रांगेत.

*

शिक्षक वर्गाबाहेर गेले की लीडर बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. पुन्हा बोललं की नावापुढे फुली. आमचा लीडर कार्तिक. एका शुक्रवारी मी सहज बोलून गेलो, “शिस्त घरातही हवी.”

सोमवारी सकाळी त्याचे वडील गेटवर हजर.

“काय शिकवता सार तुम्ही? हॉलच्या भिंतीवर माझं नाव आहे! पुढे चार फुल्या! टीव्ही मोठ्यानं लावला म्हणून माझ्या आईचंसुद्धा नाव आहे!”

“आणि मंडळींचं?”

“तिचं कसं असेल? तिनं त्याला मुरुक्कू खायला दिला ना!”

लाच हा विषय वरच्या वर्गात येतो, आम्ही अजून तिथवर पोचलो नाही, असं सांगून मी त्यांची बोळवण केली.

*

पोरांचं झालं, आता मोठ्यांचं ऐका.

माझ्या वर्गाच्या एका बाजूला तिसरी, वसंताक्कांची. दुसऱ्या बाजूला चौथी, कमला टीचरची. मध्ये भिंती नाहीत, छातीएवढी लाकडी पार्टिशनं आहेत. त्यामुळे दोन्हीकडचं सगळं माझ्या कानावर पडतं. वसंताक्का तिरुवैयारुच्या, घरी मराठी बोलणाऱ्या. कमला टीचर तमिळ. पण दोघींचं असं गूळपीठ, की वर्षानुवर्षं एका डब्यात जेवल्या.

मग एका पंधरा ऑगस्टला झेंड्यात फुलं घालून वसंताक्कांनी गाठ बांधली. पाहुणे होते एक रिटायर्ड तहसीलदार. त्यांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. झेंडा वर गाठोडं होऊन बसलेला, खाली सगळी शाळा सॅल्यूट करून उभी! माइकवर होत्या कमला टीचर. त्या गडबडल्या आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलल्या, “गाठ वसंता टीचरनी बांधली आहे!”

सगळे हसले. तहसीलदारही हसले. वसंताक्का तेवढ्या हसल्या नाहीत.

“गाठ बरोबर होती, दोरीच चुकीची ओढली,” हे वसंताक्कांचं म्हणणं.

“मी फक्त नाव सांगितलं, दोष कुठे दिला?” हे कमला टीचरचं.

झालं! बोलणं बंद, डबे वेगळे. काम पडलं तर मधे एक मूल. “जा, चौथीच्या मिसना सांग...” असं.

*

आणि मॅडमनी नेमका या दोघींना ‘परस्पर आदर’ हा धडा एकत्र शिकवायला दिला! तिसरी-चौथी एका खोलीत बसवली. वसंताक्का खिडकीकडे बघून शिकवत होत्या, कमला टीचर दाराकडे बघून. चौथीतला एक मुलगा उभा राहिला.

“मिस, प्लीज, तुमची कट्टी आहे का, सॉरी, थँक्यू.”

“खाली बस!” दोघी एकदम ओरडल्या. झेंड्यानंतर दोघींचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

*

यंदा वसंताक्का रिटायर होणार होत्या. मग मुलाकडे, कोइमतूरला. आमच्याकडे निरोपाच्या दिवशी पोन्नाडै, म्हणजे जरीची शाल, घालतात. आणि ती सगळ्यात जवळच्या टीचरनं घालायची, हा शाळेचा रिवाज.

“राव,” एकदा जेवताना त्या म्हणाल्या, “कमलानं घातली तर घेईन. नाहीतर नको मला ती शाल. तिथे जाऊन मी बोलू कुणाशी? बोलायचं ते सगळं हिच्याशीच राहिलंय.” त्यांचे डोळे भरून आले.

“मग बोला की!”

“आधी तिनं बोलावं!”

पलीकडे कमला टीचरचंही तेच. “मोठी ती आहे. आधी तिनं.” मी दुसरीचा मास्तर, तिसरी-चौथीच्या भांडणात काय बोलणार?

एका दुपारी चौथीत फार गोंगाट चालला होता. वसंताक्कांनी आपल्या वर्गातल्या तेनमोळीला पाठवलं. “जा, चौथीच्या मिसना सांग, आवाज कमी करा.”

भिंतीवरचा नियम सगळ्या शाळेत मनापासून पाळणारी ही एकच मुलगी. कमला टीचरच्या टेबलाशी जाऊन ती घडाघडा म्हणाली, “मिस, वसंता मिसनी सांगितलंय, प्लीज आवाज कमी करा, सॉरी, थँक्यू.”

चौथी गप्प झाली.

“सॉरी? वसंता सॉरी म्हणाली?”

तेनमोळीनं एकदा भिंतीकडे पाहिलं. “हो, मिस.”

मग कमला टीचर हळू आवाजात बोलल्या, “बरं. करते म्हणावं.”

तेनमोळी परत आली. “मिस, प्लीज, कमला मिस करते म्हणाल्या, सॉरी, थँक्यू.”

“सॉरी म्हणाली? कमला?”

“हो, मिस.”

मी मध्ये खडू घेऊन उभा. दोन्ही बाजू ऐकलेला मी एकटाच. फळ्याकडे वळून पाढा लिहायला लागलो! दुसऱ्या दिवशी जेवणाला एकच डबा उघडला. त्या सॉरीचा विषय कुणीच काढला नाही. दोघींनाही वाटत होतं, आपण मोठ्या मनानं माफ केलंय.

निरोपाच्या दिवशी पार्टिशनं बाजूला करून आमच्याच वर्गांत कार्यक्रम झाला आणि शाल कमला टीचरनीच घातली. दोघी रडल्या, आम्हीही थोडे रडलो. मग कमला टीचरनी माइक हातात घेतला.

“वसंताचं मन मोठं आहे,” त्या म्हणाल्या. “आमचं भांडण झालं, पण सॉरी आधी तिनंच म्हटलं!”

टाळ्या! माझ्या शेजारी बसलेल्या वसंताक्का ताठ झाल्या.

“मी? राव, मी कधी म्हटलं? आधी हिनं म्हटलं!”

आणि त्या उठल्या. सरळ माइककडे निघाल्या. शाल एका खांद्यावरून घसरली, तिकडेही लक्ष नाही. पहिल्या रांगेत तेनमोळी बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं बोट ओठांवर ठेवलं.

वसंताक्का थांबल्या. तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या नियमाकडे, मग डोळे पुसणाऱ्या कमला टीचरकडे. त्यांच्या हातातून माइक घेतला.

“त्या दिवशी गाठ मीच जरा घट्ट बांधली होती,” वसंताक्का म्हणाल्या.