आमेन होईपर्यंत

काळ्या लोकांच्या माउंट नेबो चर्चचे पाळक बदलत राहिले, पण येणाऱ्यांना जागा दाखवायला दारात चाळीस वर्षं मिस ओझेला गॅडसनच. पांढरे बूट, पांढरे हातमोजे आणि तोंडातून चकार शब्द नाही. सगळा कारभार खुणांवर. तळहात वर म्हणजे या. दोन बोटं म्हणजे बाकावर दोन जागा. आणि दारात आडवा हात म्हणजे आत प्रार्थना चालू आहे, आता राज्यपाल आला तरी थांबेल. पाळकांच्या सासूबाईंनाही तिनं एकदा आमेन होईपर्यंत उन्हात उभं केलं होतं.

रस्त्यापलीकडे गोऱ्यांचं घंटेवालं चर्च. साउथ कॅरोलिनाच्या त्या गावात दीडशे वर्षं दोन्हीकडे देव एकच आणि मधे रस्ताही एकच, पण तो ओलांडायला कुणाला सवड झाली नव्हती. मग घंटेवाल्यांना उपरती झाली. वर्णभेदावर दहा बुधवारांचा अभ्यासवर्ग निघाला, दोन्ही मंडळ्यांचा मिळून. पहिले तीन बुधवार गोरी मंडळी नुसती रडली आणि मिस ओझेला टिश्यूचं खोकं फिरवत राहिली. चौथ्या बुधवारी तिचा पारा चढला.

"रडून झालं असेल तर उठा," ती म्हणाली. "डोळ्यांना पुष्कळ काम दिलंत, आता हातांना द्या. घाला हातमोजे!"

तिनं दाराची विद्या शिकवायला घेतली. त्यात सगळ्यांत ढ निघाला हार्लन स्टोक्स, घंटेवाल्यांच्याच दारात उभा राहणारा, वय वर्षं चौऱ्याहत्तर.

"अरे हार्लन, हा हात आहे की वाळत घातलेला पायमोजा? कोपर वर!"

"वरच आहे मिस ओझेला, खांदा ऐकत नाही."

"खांद्याला सांग, मी बघतेय म्हणून."

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळायची. अभ्यासाचं पुस्तक उघडायचं राहून जायचं.

नवव्या बुधवारी मात्र तिनं मनातलं सांगून टाकलं. घंटेवाल्यांच्या वेदीवरचं कापड तिची आई दर आठवड्याला धुऊन, इस्त्री करून मागच्या दारानं पोचवायची. ते वेदीवर कसं दिसतं हे एकदा बघावं, एवढीच आईची हौस. म्हणून एकसष्ट सालच्या ईस्टरला ती नऊ वर्षांच्या ओझेलाला घेऊन पुढच्या दारात गेली. दारातल्या माणसानं हात आडवा धरला.

"तो माझा बाप," हार्लन म्हणाला. "मी शेजारीच उभा होतो."

त्या दिवशी टिश्यूचं खोकं कुणी फिरवलं नाही.

शेवटी एका रविवारी घंटेवाल्यांकडे एकत्र उपासना ठरली. जन्मात कधी एक मिनिट उशीर न केलेली मिस ओझेला त्या सकाळी गाडीतच बसून राहिली. बूट चकाचक, पण पाय उतरेनात. भीतीच वाटत होती तिला, दुसरं काय! "चल गं आई," असं कधीच देवाघरी गेलेल्या आईला म्हणत ती पायऱ्या चढली, तेव्हा आत प्रार्थना सुरू झाली होती.

तिला बघताच हार्लनचा हात सटकन आडवा झाला. कोपर वर, बोटं जुळलेली, अगदी शिकवल्याबरहुकूम. आणि मग आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं. गोरा माणूससुद्धा पांढराफटक पडू शकतो! हात खाली घ्यावा तर गुरूचा नियम मोडतो, तसाच ठेवावा तर तो बापाचा हात.

मिस ओझेला त्या हाताकडे बघत राहिली. तिला वाटलं रडू येणार, निघालं हसू. तोंडावर हातमोजा दाबून ती गदगदा हलायला लागली. हार्लन सरळ उंबरठा ओलांडून बाहेर आला, मागे दार लावून घेतलं आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"प्रार्थना कोण करतंय?" तिनं विचारलं.

"तुमचे पाळक."

"मेलो! आता जेवणाच्या वेळेलाच आत जाऊ आपण."

दोघं म्हातारी पायरीवर फिदीफिदी हसत सुटली.

आमेन झालं तशी हार्लननं दोन्ही कवाडं सताड उघडली. "कुठं बसणार, मिस ओझेला?"

"जिथनं कापड दिसेल तिथं."

तो तिला पहिल्या बाकावर घेऊन गेला. कापड दिसलं. डाव्या कोपऱ्यात हातभर सुरकुती! उपदेश सुरू झाला होता, आणि उपदेशात जागचं हलायचं नाही हा तिचाच नियम. मिस ओझेला उठली. वेदीपाशी जाऊन तिनं हातमोजा काढला आणि सगळ्यांदेखत उघड्या तळव्यानं ती सुरकुती सावकाश सपाट केली.

"आता बघ गं," ती आईला म्हणाली, आणि ते पार शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.